गाळावर राहिलेली बिअर

"अजून किती दिवस?" बाबांनी विचारलं.

ते कोठीच्या दारात उभे होते. हातात रिकामी करंडी होती. सोनचाफ्याची फुलं पहाटेच दादरच्या बाजाराला गेली होती, पण करंडीचा वास गेला नव्हता. मी गुडघ्यांवर बसून ड्रमभोवती गुंडाळलेली गोणपाटं पाण्याने भिजवत होतो.

"थोडे दिवस," मी म्हणालो.

"मागच्या रविवारीही थोडेच होते."

"उकाडा आहे ना, बाबा. उकाड्यात नीट होत नाही."

"उकाड्यात लवकर होतं. ताडीला विचार."

"ही ताडी नाही."

"ते दिसतंच आहे. ताडी असती तर एव्हाना पिऊन लोक झोपलेही असते."

ते हसले नाहीत. करंडी खुंटीला अडकवून ते निघून गेले आणि मी ओल्या गोणपाटावर हात ठेवून तसाच बसून राहिलो. त्यांच्या त्या एका प्रश्नासाठी आठवडाभर माझा जीव खालीवर होत असे, आणि तो विचारून झाला की पुढचा रविवार लगेच दिसू लागे.

त्या उन्हाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो आणि सेमिनरीतून वर्षभराच्या सुट्टीवर घरी आलो होतो. तत्त्वज्ञानाची वर्षं संपली होती, ईशज्ञानाची सुरू व्हायची होती. मध्ये थोडं थांबून विचार करू द्यावा, अशी विनंती मीच केली होती. जूनमध्ये मी परत जायचं होतं, किंवा जाणार नाही असं सांगायचं होतं. यातली दुसरी शक्यता आमच्या घरात कुणी कधी उच्चारली नव्हती. वसईतल्या आमच्या त्या लहानशा गावात मुलगा धर्मगुरू होणार म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं अवघड आहे. मी सेमिनरीत गेल्यापासून गल्लीत मला कुणी सिप्रियन म्हणून हाक मारली नव्हती. सगळे 'ब्रदर' म्हणत. माझ्याबरोबर विहिरीत पोहलेली मुलंही म्हणत. शेजारच्या मोनिकामावशी तर पोराच्या परीक्षेपासून म्हशीच्या दुखण्यापर्यंत सगळ्यासाठी मला प्रार्थना करायला सांगत आणि शेवटी विचारत, "मग ब्रदर, निघणार कधी?"

मी म्हणत असे, "जूनमध्ये."

देवावरचा माझा विश्वास उडाला नव्हता. तसं झालं असतं तर सांगणं कदाचित सोपं गेलं असतं. पण चारशे माणसांसमोर उभं राहून त्यांच्या वतीने बोलायचं, त्यांची मयतं आणि लग्नं आपल्या आवाजात पार पाडायची, ही कल्पना मनात आली की मला घरात कुठेही बसवत नसे. मी उठून वाडीत जाई, वाडीतून समुद्रावर, समुद्रावरून परत. वाटेत कुणी दिसलं की वाट बदलत असे.

बिअर सुरू झाली ती रुजारमुळे. रुजार मच्याडो माझा शाळेतला मित्र. ठाण्यात एका ठिकाणी तो बिअर बनवण्याच्या कामावर होता. एका शनिवारी तो एक पांढरा प्लॅस्टिकचा ड्रम, माल्टचा डबा, बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप्सची पुडी आणि यीस्टचं पाकीट घेऊन आला.

"तुझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसाला हे जमेल," तो म्हणाला. "यात स्वच्छता लागते आणि वाट बघावी लागते. तुमच्या सेमिनरीत दुसरं काय शिकवतात?"

आम्ही दोघांनी मिळून माल्ट उकळलं, थंड केलं, यीस्ट घातलं आणि घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, कांदे आणि केळीचे घड ठेवायच्या कोठीत, ड्रम बंद केला. झाकणात एक वाकडी नळी होती, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडत असे आणि बाहेरची हवा आत शिरत नसे. पहिले काही दिवस ती नळी अशी बडबडत होती की जासिंत आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "घरात कुणीतरी बोलायला लागलं म्हणायचं."

बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी कोठीत येऊन ड्रमभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाटल्यांत भरल्यावर किती दिवसांनी पिता येते?"

"दोनेक आठवड्यांनी."

"मग तू बाटल्या भर. भरल्यास की मला सांग. फादर बर्नडना जेवायला बोलावू. तू परत जाण्याआधी घरात एक जेवण व्हायलाच हवं. त्या दिवशी तुझ्या हातची बिअर उघडू."

असं सगळं त्या बाटल्यांना बांधलं गेलं. बाटल्या भरायच्या म्हणजे जेवणाचा दिवस ठरायचा. जेवण झालं म्हणजे मी निघायचं.

ड्रमच्या तोटीतून थोडी बिअर काढून काचेच्या नळकांड्यात घ्यायची आणि तिच्यात हायड्रोमीटर सोडायचा. साखर जसजशी संपते तसतसा तो तरंगणारा काटा खाली जातो. लागोपाठ दोन-तीन दिवस तो एकाच रेघेवर थांबला की समजायचं, आतलं काम संपलं. माझा काटा कधीच थांबला होता. मी रोज तो पाण्याने धुऊन पुन्हा सोडत असे, तो पुन्हा त्याच रेघेवर उभा राहत असे, आणि बाबांना मी सांगत असे, "अजून हलतोय."

रुजारला मात्र मी फोनवर विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, "भरायला उशीर झाला तर काय होतं रे?"

"किती उशीर?"

"असाच. समजा, राहिली आत."

"थंड जागी महिनाभर राहिली तरी फारसं बिघडत नाही. पण तुमच्या मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांवर ठेवू नकोस. यीस्ट तळाला बसतं, खायला काही उरत नाही, मग तेच मरून कुजायला लागतं. त्या गाळावर बिअर बसून राहिली की तिला रबराचा वास येतो."

"आणि घाई केली तर?"

"साखर शिल्लक असताना बूच लावलंस तर बाटली फुटेल. काटा थांबला का?"

"थांबेल."

"सिप्री, नक्की काय चाललंय तुझं?"

"विषारी तर होत नाही ना?"

"नाही रे. मरणार कुणी नाही. पण दुसरा ग्लासही कुणी मागणार नाही."

मे अर्धा सरला. बाबांनी माझा पांढरा झगा पेटीतून काढून धोब्याकडे दिला आणि तो परत आल्यावर माझ्या खोलीतल्या खुंटीला टांगून ठेवला. मी त्या खोलीत झोपेनासा झालो. ओसरीवर चटई टाकू लागलो, पण तिथेही डोळा लागत नसे. उजाडायच्या आधीच उठून समुद्रावर जात असे. परत येऊन कोठीत ड्रमला कान लावावा तर आत काही नव्हतं. नळीतलं पाणी स्थिर होतं. आणि तरीही, एका सकाळी मी तोटी उघडली तेव्हा मला एक वेगळाच वास आला. रुजारने सांगितलेला रबराचा वास नव्हता तो. भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा होता आणि त्याच्या मागून आंबटपणाची एक बारीक धार येत होती. बिअरला हवा लागली होती. पण झाकण तर मी एकदाही उघडलं नव्हतं.

दुसऱ्या पहाटे मी समुद्रावर गेलो नाही, आणि ओसरीवरून मला कोठीत उजेड दिसला.

जासिंत आत्या देवळात जायचं लुगडं नेसून ड्रमसमोर उभी होती. पहाटेची मिस्सा तिने कधी चुकवली नव्हती. झाकण उघडून तिने बाजूला ठेवलं होतं. तिच्या हातात लाकडी डाव होता, नाताळच्या आधी मनुकांच्या वाईनची बरणी ढवळायचा. तिने कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली, डाव तळापर्यंत बुडवला आणि पुटपुटत तीन वेढे दिले. पित्याच्या नावाने एक, पुत्राच्या नावाने एक, पवित्र आत्म्याच्या नावाने एक. तळाचा सगळा गाळ ढवळून वर आला.

"आत्या, काय करतेस?"

ती दचकली नाही. "हलवतेय."

"का?"

"तू हलवत नाहीस म्हणून. मी पाहिलं ना. नुसता बाहेरून गोणपाटं भिजवतोस."

"कधीपासून हलवतेयस?"

"तू पछाडल्यासारखा फिरायला लागलास तेव्हापासून. रोज."

"हे हलवायचं नसतं, आत्या. झाकण उघडायचंच नसतं."

"वाईन मी इतकी वर्षं हलवते. नाही हलवली तर वर बुरशी धरते."

"वाईनचं वेगळं. हिला हवा लागली की ही संपली."

"मग हे मला आधी सांगायचं," आत्या म्हणाली. "पण तू सांगतोस का कुणाला काही?"

मी तोटीखाली पेला धरला. बिअर गढूळ, मातकट निघाली. मी घोट घेतला आणि पेला तिच्यापुढे केला. तिने ओठ लावले, क्षणभर विचार केला.

"वाईट आहे," ती म्हणाली. "तांब्याची भांडी छान निघतील."

मला राग यायला हवा होता. मी तो शोधलाही. पण छातीवरचं काहीतरी सैल झाल्यासारखं वाटत होतं. बाटल्या नाहीत म्हणजे जेवण नाही. दुसरा ड्रम लावायचा म्हणजे पुन्हा काही आठवडे.

"तुला बरं वाटलं," आत्या म्हणाली.

"कशाने?"

"बिअर नासली त्याने. तोंडावर दिसतंय." तिने डाव ड्रमच्या काठावर झटकला. "तू परत जाणार नाहीस."

"मला माहीत नाही."

"माहीत आहे. मलाही माहीत होतं."

आत्या तरुणपणी मठात होती हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. कावीळ झाली म्हणून ती घरी आली, प्रकृती पुन्हा म्हणावी तशी सुधारली नाही, आणि पुढे मी पाच वर्षांचा असताना माझी आई गेली तेव्हा आत्याने मला वाढवलं. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तिच्यात विचारण्यासारखं काही असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"तू माझ्यासाठी राहिलीस ना?" मी म्हणालो.

"तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. तुझ्या बापाचं लग्नसुद्धा झालं नव्हतं." ती कांद्यांच्या पेटीवर बसली. "कावीळ दोन महिन्यांत बरी झाली माझी. मग बाबा, तुझे आजोबा, दर रविवारी मिस्सेवरून आल्यावर विचारायचे, जासिंत, कधी जातेस परत? मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. पुढचा महिना आला की म्हणायचे, पाऊस संपल्यावर. पाऊस संपला की सण झाल्यावर."

"मग?"

"मग एका रविवारी त्यांनी विचारलंच नाही. पुढच्याही नाही. मला वाटलं, सुटले मी." तिने पदराच्या टोकाने डाव पुसायला घेतला. "नाही जाणार, असं मी कधी म्हटलंच नाही रे कुणाला. त्यांनी विचारायचं थांबवलं, एवढंच. ते गेले तेव्हाही मी पुढच्या महिन्यात जाणार होते."

बाहेर पहिला कावळा ओरडला.

"लोकांना वाटतं, मी तुझ्यासाठी थांबले," ती म्हणाली. "तू आलास तेव्हा मलाही बरं वाटलं, सांगायला कारण मिळालं. पण मी थांबले नव्हते. मी सुट्टीवर आहे. अजून सुट्टीवरच आहे मी."

ती उठली, ड्रमवर झाकण ठेवलं, आणि मग ते आता ठेवून काही उपयोग नाही हे आठवून पुन्हा काढलं.

"तुझा बाप वाडीत आहे," ती म्हणाली. "मला मिस्सेला उशीर होतोय."

बाबा चाफ्याच्या झाडाला टेकवलेल्या शिडीवर होते. पानांमुळे त्यांचं तोंड दिसत नव्हतं. पायरीवरची भेगाळलेली पावलं तेवढी दिसत होती. मला ते सोयीचं वाटलं. मी त्या पावलांशी बोलायला सुरुवात केली.

"बाबा."

"लवकर उठलास?"

"बिअर खराब झाली."

"अरे. कशाने?"

आत्याचं नाव ओठांवर आलं होतं. "ती केव्हाच तयार होती," मी म्हणालो. "मी भरली नाही."

"का नाही भरलीस?"

"भरली असती तर तुम्ही फादरना जेवायला बोलावलं असतं."

पावलं हलली नाहीत. वर फांदी वाकल्याचा आवाज झाला, एक फूल तुटलं, कमरेच्या पिशवीत पडलं.

"मी परत जाणार नाही, बाबा."

आणखी एक फूल तुटलं.

"हे कधी ठरलं?"

"माहीत नाही. बोललो मात्र आत्ताच."

"जासिंतला सांगितलंस?"

"तिनेच मला सांगितलं."

ते उतरले. एकेक पायरी, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. खालच्या पायरीवर ते बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. त्यांचे डोळे मी टाळत होतो, तेही माझे टाळत होते.

"तिने तुला आजोबांचं सांगितलं असेल," ते म्हणाले. "विचारायचे ते."

"हो. आणि मग त्यांनी थांबवलं."

"त्यांनी नाही थांबवलं. मी थांबवलं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"रविवार आला की ती जेवायची नाही. आदल्या दिवसापासून गप्प असायची. मला बघवेना. एकदा बाबांना मी बाजूला घेतलं आणि म्हटलं, आता तिला विचारू नका, तिला त्रास होतो. त्यांनी ऐकलं माझं." त्यांनी पिशवीतलं एक फूल काढलं, देठाकडून फिरवलं, परत आत ठेवलं. "मी फार चांगलं काम केलं असं मला वाटायचं. पुष्कळ वर्षं वाटायचं. मग कधीतरी लक्षात आलं की जासिंतने पेटी कधी रिकामी केलीच नाही. तिची ती पत्र्याची पेटी आहे ना, खाटेखाली. कपडे अजून तिच्यातच असतात तिचे. कपाटात एक लुगडं ठेवलं नाही तिने आजवर."

मी ती पेटी लहानपणापासून पाहत होतो.

"म्हणून तुला विचारत राहिलो," बाबा म्हणाले. "दर रविवारी. तुला वाटत असेल, म्हातारा बिअरसाठी मरतोय."

"मी नाही म्हणेन, असं वाटलं होतं तुम्हाला?"

"नाही. हो म्हणशील असंच वाटलं होतं." त्यांनी पिशवीचं तोंड आवळलं. "खोटं कशाला बोलू? मला वाईट वाटलंय. गल्लीतून काही दिवस मान खाली घालून चालावं लागेल. चालेन. पण काहीतरी म्हणायला हवं होतंस तू. ते म्हटलंस."

ते उठले, शिडीला हात लावला आणि थांबले.

"फादरना या रविवारचं मी सांगून बसलोय. तुझ्या बाटल्यांची वाट किती बघणार? आता बोलावलंय तर येऊ देत."

"त्यांना काय सांगायचं?"

"ते तू सांगायचं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पानांत शिरले.

बिअर आम्ही दोघांनी त्या संध्याकाळी केळीच्या आळ्यांत ओतली. बाबांनी ओतण्याआधी एक पेला भरून घेतला, अर्धा प्यायले आणि उरलेला आळ्यात टाकत म्हणाले, "मीठ घातलं असतं तर औषध म्हणून खपली असती."

रविवारी फादर बर्नड आले. अंगाने मोठा, हसायला पुढे आणि जेवायला त्याहून पुढे असलेला माणूस. मेजावर कोंबडीचा रस्सा होता, तांदळाच्या भाकऱ्या होत्या आणि आत्याची मागच्या नाताळची वाईन होती. आत्या नेहमीसारखी उभी राहून वाढत होती. पाहुणे असले की ती मागाहून स्वयंपाकघरात जेवत असे.

"बिअर मिळणार असं ऐकलं होतं मी," फादर म्हणाले.

"केळींनी प्यायली," बाबा म्हणाले.

"चांगली उतरली होती म्हणायची. मग ब्रदर, बॅग भरली का?"

मी हातातला पेला मेजावर ठेवला.

"मी जाणार नाही, फादर," मी म्हणालो. "सेमिनरीला उद्या कळवतो."

फादरांनी तोंडातला घास सावकाश संपवला. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मला त्याने अगोदर सांगितलंय."

"बरं," फादर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, आणि मग ते हलकेच म्हणाले, "आता कळलं ते बरं. काही जण दीक्षा झाल्यावर सांगतात. मग बिशपांना जेवण जात नाही."

कुणी हसलं नाही, पण सगळ्यांनी पुन्हा खायला सुरुवात केली. मला भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. इतक्या महिन्यांनी पायांना कुठेही जायची घाई नव्हती, आणि त्या शांततेचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

आत्या आतून गरम भाकऱ्यांचं ताट घेऊन आली. ती बाबांच्या खुर्चीपाशी पोहोचली तेव्हा बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"जासिंत," ते म्हणाले.

"काय? रस्सा आणू?"

"कधी जातेस परत?"

ती ताट धरून उभी राहिली. भाकऱ्यांची वाफ आत्याच्या तोंडासमोरून वर जात होती. ती मला कधी इतकी तरुण दिसली नव्हती, आणि इतकी घाबरलेलीही.

"नाही जाणार, दादा," ती म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

तिने ताट मेजावर ठेवलं, भिंतीकडची खुर्ची ओढत माझ्या शेजारी आणली, आणि लुगडं सावरून बसली.

"सरक जरा," ती मला म्हणाली.